कायदा कोणता, कोठला आणि केव्हाचा?

हैदराबाद शहरातील सुलतान बाजार ही कापडचोपडाची, बांगड्यांची आणि लग्नाच्या बस्त्याची जुनी पेठ. आता तिच्या डोक्यावरून मेट्रो धावते आणि पेठेच्या नावाचे एक स्थानकही झाले आहे. मराठी माणसाला हा भाग परका नाही. लगतच्या इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, हैदराबादच्या आर्य समाजाचे जुने केंद्र याच पेठेत आहे, आणि १९०१ साली स्थापन झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे तेलुगू ग्रंथालयही येथेच आहे. परंतु आज आम्ही या पेठेचे स्मरण करीत आहोत ते वेगळ्या कारणासाठी. कायदा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न समजून घ्यावयाचा असेल तर सुलतान बाजारासारखी दुसरी शाळा नाही.

१९३३ पूर्वी या पेठेला रेसिडेन्सी बाजार म्हणत. शेजारीच कोठी भागात ब्रिटिश रेसिडेंटचा भव्य वाडा होता. त्या वाड्याभोवतालची ही वस्ती निजामाच्या राजधानीत असूनही निजामाच्या अमलाखाली नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे अधिसूचना काढून येथे लागू केले जात. रस्ता ओलांडून पलीकडे गेले की कायदा बदले, न्यायालय बदले आणि न्यायालयाची भाषाही बदले. १९३३ साली हा भाग निजामाकडे परत गेला आणि त्याचे नाव सुलतान बाजार झाले. १९३२ साली आणि १९३४ साली त्याच गाळ्यात त्याच तागड्यावर माल विकणाऱ्या एखाद्या दुकानदाराची कल्पना करावी. त्याने दुकान हलविले नाही, धंदा बदलला नाही. तरी त्याच्यावरचा कायदा मात्र बदलला. पुढे १९४८ साली निजामी राजवट संपली, १९५६ साली पेठ आंध्र प्रदेशात गेली आणि २०१४ साली तेलंगणात आली. एका आयुष्यात मावेल एवढ्या काळात एकाच गाळ्याने पाच राजवटी पाहिल्या. "या गाळ्याला कायदा कोणता?" असे कोणी विचारले तर त्याला उलट विचारावे लागेल, "केव्हाचा?"

ही जुनी कथा आज उकरून काढण्याचे कारण अगदी ताजे आहे. कृत्रिम बुद्धीची यंत्रे आता केवळ प्रश्नांची उत्तरे देत नाहीत. ती माणसाच्या वतीने कामे करू लागली आहेत. अर्ज लिहावा, करारपत्र तपासावे, नोटिशीला उत्तर तयार करावे, अशी कामे त्यांच्यावर सोपविली जातात. संगणकाच्या परिभाषेत त्यांना 'एजंट' म्हणतात. आपल्याकडे यासाठी मुखत्यार हा अधिक चांगला शब्द आहे. या यांत्रिक मुखत्यारांना विधिमंडळांनी संमत केलेले कायदे थेट शोधून वाचता यावेत, यासाठी आता खास संगणकीय साधने तयार होत आहेत. अँथ्रोपिक या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची एक खुली पद्धत जाहीर केली. यंत्राने बाहेरच्या दप्तराशी कसा संवाद करावा याचे नियम तीत ठरवून दिले आहेत. ब्रिटिश सरकारच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कक्षाने तेथील कायद्यांसाठी 'लेक्स' नावाचे एक प्रायोगिक साधनही तयार केले आहे. आपल्या देशात अशी साधने उभी राहण्यास वेळ लागणार नाही. संगणकविद्येत नाव मिळविलेले हैदराबाद शहर त्यात मागे राहील असे मानण्याचे कारणही नाही.

अशा साधनाची गरज का भासली, हे आधी पाहिले पाहिजे. ही यंत्रे जो मजकूर लिहितात तो पुस्तक उघडून पाहून लिहीत नाहीत. पूर्वी वाचलेल्या अफाट मजकुराच्या संस्कारातून पुढचा संभाव्य शब्द कोणता, याचा अंदाज घेत घेत ती वाक्य पुरे करतात. गप्पागोष्टींना हे चालते. कायद्याला चालत नाही. अनुभवी कारकुनाने दप्तर न पाहता केवळ सवयीने दाखला लिहून द्यावा, तशातला हा प्रकार होतो. दाखला दिसतो अस्सल, भाषा असते बिनचूक, आणि दप्तरात मात्र त्याची नोंदच नसते. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात दोन वकिलांनी यंत्राने रचलेले, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेले न्यायनिर्णय दाखल केले आणि न्यायाधीशांनी त्यांना पाच हजार डॉलरचा दंड केला. अमेरिकेतले काय सांगता, असे कोणी म्हणू नये. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या बंगळुरू येथील खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या एका आदेशातच अस्तित्वात नसलेले निवाडे आधार म्हणून उद्धृत झाल्याचे आढळले आणि तो आदेश मागे घ्यावा लागला. वकिलाची चूक न्यायाधीश दुरुस्त करू शकतो. न्यायपीठाच्या आदेशातच अशी चूक शिरली तर सामान्य माणसाने जावे कोठे?

यावर उपाय म्हणून यंत्राला स्मरणावर विसंबू न देता दप्तरापाशी नेऊन उभे करावयाचे, ही या नव्या साधनामागील कल्पना आहे. प्रश्न आला की यंत्राने कायद्यांच्या अधिकृत संग्रहात जावे, कलम काढावे, त्याची अक्षरे जशीच्या तशी समोर ठेवावीत आणि मगच बोलावे. ही कल्पना योग्य आहे आणि आम्ही तिचे मनापासून स्वागत करतो. ज्याच्या खिशात वकिलाची फी आहे त्याला या साधनाचे फारसे महत्त्व वाटणार नाही. परंतु घर खाली करण्याची नोटीस हाती पडलेला भाडेकरू, पगार बुडालेला गोदीकामगार, सातबाऱ्यावरचे नाव एका रात्रीत नाहीसे झालेली विधवा, यांना आपल्यासाठी कायदा काय म्हणतो एवढे आज संध्याकाळपर्यंत कळणे ही मोठी गोष्ट आहे. "कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही" असे शासन नागरिकाला बजावत असते. मग तो कायदा नागरिकाच्या हाती पोहोचविण्याची जबाबदारी शासनाची नाही काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ सालीच देऊन ठेवले आहे. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली ठराव करून अफूविषयी एक कायदा केला होता; मात्र तो कधीच प्रसिद्ध केला नव्हता. हरला नावाच्या माणसाला त्या कायद्याखाली शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. नागपूरच्या न्यायपीठावरून सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी हा निकाल लिहिला. लोकांना कळविण्याची कोणतीही वाजवी तजवीज न करता बंद दाराआड केलेल्या ठरावाने कोणाचे स्वातंत्र्य हिरावून घेणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असा त्याचा आशय होता. कायदा प्रसिद्ध झाला पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने पक्के झाले. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कायदा प्रसिद्ध होतो. पण आज लागू असलेला कायदा कोणता हे शोधू जाणाऱ्याला तो सापडतो काय?

येथेच नव्या साधनाची खरी परीक्षा आहे. संमत झालेला कायदा आणि आज लागू असलेला कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुनाच्या गुन्ह्याला भारतीय दंडसंहितेचे कलम ३०२ लागते, हे शाळेतल्या पोरालाही चित्रपटांमुळे पाठ झालेले असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तीत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, आणि कलम ३०२ आहे ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्यासंबंधी. तरीही ३० जून २०२४ रोजी घडलेल्या खुनाला जुनेच ३०२ लागते. म्हणजे आकडा एक, कायदे दोन, आणि दोन्ही आपापल्या ठिकाणी बरोबर. गुन्ह्याची तारीख न विचारता जे यंत्र ३०२ चा अर्थ सांगेल ते अधिकृत संग्रहातून उतारा काढूनही चुकू शकेल. अशी चूक अधिक घातक, कारण तिच्यावर सरकारी दप्तराचा शिक्का असेल.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. संसदेने संमत केलेला आणि राष्ट्रपतींची संमती मिळालेला १९९५ चा दिल्ली भाडे अधिनियम कधी अमलातच आणला गेला नाही. कामगारविषयक चार संहिता संसदेने २०१९ आणि २०२० या वर्षांत संमत केल्या. त्या अमलात आल्या २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. मधल्या पाच-सहा वर्षांत एखाद्या कामगाराने त्या संहितेतील हक्क मागितला असता तर त्याच्या हाती काहीच लागले नसते. तिसरा प्रकार याहून वाईट. समाजमाध्यमावरील मजकुराबद्दल माणसाला तुरुंगात पाठविणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ वाचकांना आठवत असेल. आपल्याच किनारपट्टीवरील पालघरात २०१२ साली दोन तरुणींना झालेल्या अटकेनंतर ते देशभर गाजले. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. तथापि कायद्याच्या पुस्तकातून ते पुढे कित्येक वर्षे गेले नाही आणि पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदले जातच राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. पुस्तकात छापलेले कलम पाहून हवालदार फसला. मग त्याच पुस्तकातून कलम काढणारे यंत्र कशावरून फसणार नाही?

काळाप्रमाणे स्थळाचा प्रश्न. येथे पुन्हा हैदराबादकडे वळावे लागते. निजामी राजवट संपल्यावर हैदराबाद राज्याने १९५० साली कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम केला. कुळांना हक्क देणारा तो महत्त्वाचा कायदा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात गेले आणि कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. कायदा मात्र जमिनीबरोबर राहिला. मराठवाड्यात तो आजही 'हैदराबाद' हे नाव धारण करून उभा आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्यात आपल्या दुरुस्त्या केल्या. तेलंगणात त्याचे नावही बदलले आणि त्यात वेगळ्या दुरुस्त्या झाल्या. बिदर, गुलबर्गा, रायचूर या भागांत त्याची जागा १९६१ च्या भूसुधारणा कायद्याने घेतली. देगलूरचे कूळ आणि बोधनचे कूळ यांचे आजोबा एकाच कायद्याखाली उभे होते. नातवांचे कायदे नावाने, कलमाने आणि फळाने निराळे झाले. नांदेड जिल्ह्यातील शेतकऱ्याने यंत्राला 'हैदराबाद कूळकायदा' विचारावा आणि यंत्राने त्याला तेलंगणातील दुरुस्त्या वाचून दाखवाव्यात, हे अशक्य नाही. यंत्राला देगलूर ठाऊक नसते. त्याला शब्द ठाऊक असतो.

गोमंतकीय वाचकाला हे सांगण्यासाठी हैदराबादपर्यंत जाण्याचीही गरज नाही. त्याने पत्रादेवीच्या नाक्यापर्यंत जावे. नाक्यापलीकडे बांद्याच्या हिंदू कुटुंबाला वारसाहक्काबाबत १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू आहे. नाक्याच्या अलीकडे पेडण्याच्या हिंदू कुटुंबाला तो नाही. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या प्रशासन अधिनियमाने येथील पूर्वीचे कायदे बदलले जाईपर्यंत कायम ठेवले. त्यामुळे १ जुलै १८७० पासून येथे लागू असलेली पोर्तुगीज नागरी संहिता, तसेच हिंदूंच्या रूढींविषयीचे १६ डिसेंबर १८८० चे फर्मान, ही आपल्या घराघरांत शिरलेली कायद्याची मुळे होत. उत्तराधिकारापुरता आता गोव्याचा स्वतःचा, विधानसभेने २०१२ साली संमत केलेला अधिनियम आहे. तो डिसेंबर २०१६ मध्ये अमलात आला. पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेत दोघांचा निम्मा निम्मा वाटा, आणि मुलाबाळांना डावलून मृत्युपत्राने देता येईल तो केवळ अर्धा भाग, या दोन गोष्टी आपल्याकडील आयाबहिणींच्या आधाराच्या आहेत. गोमंतकीय माणसाची गोव्याबाहेर भारतात असलेली मालमत्ताही याच पोर्तुगीज संहितेने ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितले आहे. आता म्हापशाच्या एखाद्या विधवेने यंत्राला विचारले की, "मी हिंदू आहे, नवरा वारला, माझा हिस्सा किती?" तर यंत्र हिंदू उत्तराधिकार अधिनियम उघडील. उतारा शब्दशः खरा असेल. कायदा अस्सल असेल. फक्त तो तिचा नसेल. आणि तिचा हक्काचा अर्धा वाटा इतर वारसांच्या वाट्यात विरून जाऊ शकेल.

तिसरा प्रश्न भाषेचा. निजामाच्या राज्यात कायद्याची आणि न्यायालयाची भाषा उर्दू होती. सरकारी राजपत्र, म्हणजे जरीदा, उर्दूत निघे. परभणीच्या रयतेला आपल्या शेतासंबंधीचा हुकूम समजून घेण्यासाठी कोणा मुन्शीची पायरी चढावी लागे. सभा भरविण्यावर निर्बंध घालणारी 'गश्ती निशाण ५३' हीही कोणत्या विधिमंडळाने केलेला कायदा नव्हती. ती एक गश्ती, म्हणजे परिपत्रक होती. तरी तिच्या बळावर एका राज्याच्या प्रजेचे तोंड बंद ठेवता आले. ज्या भाषेत आपण बोलत नाही त्या भाषेतला हुकूम आणि ज्यावर आपला प्रतिनिधी बोललेला नाही तो हुकूम, या दोन्हींचा जाच त्या प्रजेने सोसला. आज राज्य आपले आहे. पण घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेच्या कायद्याचा अधिकृत पाठ इंग्रजीच आहे. राज्याचा कायदा मराठीत झाला तरी राज्यपालांच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेला त्याचा अनुवाद हा इंग्रजीतील अधिकृत पाठ मानला जातो. केंद्रीय कायद्यांचे प्रादेशिक भाषांतील अधिकृत पाठ प्रसिद्ध करण्याची सोय १९७३ च्या अधिनियमाने करून दिली आहे. पोर्तुगीज संहितेचे इंग्रजी भाषांतर गोवा सरकारने राजपत्रात प्रसिद्ध केले ते २०१८ साली. मुक्तीनंतर छप्पन्न-सत्तावन्न वर्षांनी! यंत्र इंग्रजी कलम उचलून आपल्या मनाने त्याचे मराठी करून देईल, तेव्हा ते वाचणाऱ्याने काय समजावे? ते शासनाचे शब्द नसतात, यंत्राचे असतात. 'शक्ती' आणि 'अधिकार', 'ताबा' आणि 'मालकी' यांत एका शब्दाची गल्लत झाली तर घरदार जाते.

चौथी अडचण आपल्या राज्यकारभाराच्या सवयीतून आलेली आहे. संमत कायदा हा हिमनगाचा दिसणारा भाग; त्याखाली नियम, अधिसूचना, परिपत्रके आणि शासननिर्णय यांचा डोंगर असतो. तलाठी आणि मामलेदार कामकाज करतात ते बहुतांशी या डोंगराच्या आधारे. हैदराबाद गॅझेटियरच्या अंमलबजावणीसंबंधी महाराष्ट्र शासनाने २ सप्टेंबर २०२५ रोजी काढलेल्या निर्णयानंतर गावोगाव जी चर्चा झाली, तीत गॅझेट, गॅझेटियर, शासननिर्णय आणि कायदा हे चार शब्द एकाच अर्थाने वापरले गेले. त्या निर्णयाच्या गुणदोषांत आज आम्ही शिरत नाही. परंतु राजपत्र हे सरकारचे प्रसिद्धीपत्र, गॅझेटियर हा माहितीचा ग्रंथ, शासननिर्णय ही प्रशासनाची आज्ञा आणि कायदा हा विधिमंडळाचा शब्द, हा भेद माणसे विसरली तर यंत्राला तो कोण शिकविणार?

या अडचणी सांगून आम्ही साधनाला विरोध करीत आहोत, असा समज कोणी करून घेऊ नये. दप्तर नीट लागेपर्यंत यंत्र नको, असे म्हणणे सोपे आहे. पण लोक थांबलेले नाहीत. यंत्राला कायदा विचारणे आजच सुरू आहे, आणि ते यंत्र आज दप्तर न पाहताच बोलत आहे. त्यापेक्षा दप्तर पाहून बोलणारे यंत्र केव्हाही बरे. आमचे म्हणणे एवढेच की, मुखत्यार कितीही हुशार असला तरी दप्तर विस्कळीत असेल तर तो विस्कळीतपणाच घेऊन येईल, आणि तोही विजेच्या वेगाने. केंद्र सरकारचे 'इंडिया कोड' हे संकेतस्थळ आहे. त्यावर केंद्राचे आणि राज्यांचे अधिनियम ठेवले जातात. १ ऑक्टोबर २०१५ पासून केंद्राचे राजपत्र कागदावर छापणे बंद होऊन ते संगणकावरच प्रसिद्ध होते. गेल्या दशकात पंधराशेहून अधिक कालबाह्य केंद्रीय कायदे रद्द करण्यात आले. ही सारी पावले योग्य दिशेने पडली आहेत. परंतु ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळाशी तुलना केली म्हणजे अंतर किती आहे ते कळते. तेथे १२६७ सालापासूनचे कायदे आहेत. कलम इंग्लंडला लागू की स्कॉटलंडला, हे तेथे पाहता येते. आणि अलीकडच्या काही दशकांपुरते तरी, अमुक तारखेला त्याचा पाठ काय होता, हेही पाहता येते. तेथील यंत्राला उभे राहण्यास अशी जमीन आहे. आपल्या यंत्राला ती करून दिली पाहिजे.

म्हणून शासनाकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक कलमापुढे ते कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या भूभागाला लागू आहे, याची नोंद असावी. न्यायालयाने रद्द केलेल्या कलमावर तसा ठसठशीत शेरा निकालाच्या आठवड्यातच पडावा. अधिनियमाशी त्याचे नियम, अधिसूचना आणि परिपत्रके जोडलेली असावीत, आणि प्रत्येकाचा दर्जा काय हे त्यावर लिहिलेले असावे. केंद्रीय कायद्यांचे अधिकृत मराठी पाठ १९७३ च्या अधिनियमाचा उपयोग करून नेटाने प्रसिद्ध करावेत. गोवा सरकारने पोर्तुगीज अमदानीतून चालत आलेल्या आणि आजही जिवंत असलेल्या कायद्यांचा एक पूर्ण संग्रह करून तो कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषांत लोकांपुढे ठेवावा. हे सारे दप्तर जनतेच्या पैशाने झालेले आहे. ते एखाद्या कंपनीच्या कुलपात न जाता नागरिकाला आणि नागरिकाच्या यंत्राला विनामूल्य खुले राहिले पाहिजे.

साधने करणाऱ्यांनाही काही पथ्ये पाळावी लागतील. यंत्राने उत्तर देण्यापूर्वी घटना केव्हा आणि कोठे घडली, हे विचारले पाहिजे. मूळ कलम, त्याचे परंतुक आणि त्याचा राजपत्रातील दाखला वाचकाच्या डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे. आपले भाष्य आणि कायद्याची अक्षरे यांची सरमिसळ करता कामा नये. शोधूनही सापडले नाही तर "सापडले नाही" असे म्हणण्याचा प्रामाणिकपणा त्याच्यात असला पाहिजे. सापडले नाही असे सांगणारा कारकून चिडचिड करायला लावतो, पण बुडवीत नाही. काहीतरी लिहून देणारा कारकून बुडवितो.

आणि शेवटचा शब्द माणसाचाच राहिला पाहिजे. मुखत्यारपत्राचा कायदा असा की, दिलेल्या अधिकारात मुखत्याराने जे केले त्याला धनी बांधलेला असतो. यंत्राला मुखत्यार नेमणारा वकील, अधिकारी वा न्यायाधीश "यंत्राने तसे सांगितले" म्हणून हात झटकू शकणार नाही. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायसंस्थेसाठी धोरण जाहीर करून निष्कर्ष काढण्यासाठी किंवा निकाल देण्यासाठी कृत्रिम बुद्धीचा उपयोग करण्यास मनाई केली. इतर उच्च न्यायालयांनीही अशा मर्यादा वेळीच आखून द्याव्यात. शोधण्याचे काम यंत्राने करावे. न्याय देण्याचे काम ज्याला जाब विचारता येतो त्यानेच करावे.

सुलतान बाजारातून कोठीकडे जाताना पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. परीक्षेला बसणारी गरीब मुले तेथे पुस्तके घेतात. कायद्याचे पुस्तक हातात आले की जाणता विद्यार्थी किंमत विचारण्याआधी पहिले पान उलटतो आणि आवृत्ती कितवी, कोणत्या सालची, हे पाहतो. जुन्या आवृत्तीवर अभ्यास केला तर वर्ष वाया जाते, हे त्याला ठाऊक असते. लक्षावधी पाने क्षणात वाचणाऱ्या यंत्राला प्रथम शिकवायला हवी ती ही पदपथावरची सवय. आणि शासनाने करावयाचे ते एवढेच की, प्रत्येक कायद्याच्या पहिल्या पानावर ते साल आणि ते स्थळ खरे लिहून ठेवावे.